जुनी मोटार आणि नवा पट्टा

मोटारीच्या सीटवर बोलायला गणिताच्या प्राध्यापकाला का बोलावले, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. मी मेकॅनिक नाही, मोटारींचा व्यापारीही नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरच्या जुन्या गाडीला नव्या धर्तीच्या सीटा बसवण्याच्या नादात मी एक मोठी चूक करून बसलो. ती वेळीच एका जाणत्या माणसाच्या लक्षात आली म्हणून निभावले. आज खेडोपाडी गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली, कुठे अँबॅसडर, कुठे जीप, कुठे पद्मिनी उभी आहे. वाडवडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस तरुण मंडळींत वाढते आहे. हौस चांगलीच आहे. तेव्हा माझी चूक आपल्याही कामी यावी, एवढ्यासाठी हे भाषण.

आमची गाडी १९६८ सालची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. हिचेच पुढे १९७० च्या दशकात 'पद्मिनी' असे नामकरण झाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची झाली. त्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तालुक्याच्या गावी डॉक्टरकी करीत. त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली होती. पुढची सीट बाकासारखी सलग. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. त्यामुळे मधली जागा मोकळी. शाळेला सुट्टी असली की मी अण्णांबरोबर व्हिजिटला जाई, तो त्याच जागेवर बसून. वाटेत गुरे आडवी आली, की अण्णा ब्रेक दाबायच्या आधीच डावा हात माझ्या छातीवर आडवा धरीत. तो हात मला अजून आठवतो. इथिलचा वास येणारा, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेला. त्या हातामागे मला जगात कशाचीही भीती वाटत नसे.

अण्णा गेले, गाडी शेडमध्ये उभी राहिली. मग ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. आपण सर्वांनी ती बातमी वाचली असेल. गाडी महागडी, नव्या बांधणीची. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे दगावले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "बाबा, आपल्या फियाटला पट्टा कुठाय?" पट्टा नव्हताच. १९६८ साली आपल्याकडच्या गाड्यांना तो कुणी लावत नसे. समोरच्या सीटसाठी पट्ट्याची सक्ती आपल्या देशात आली ती १९९० च्या दशकात.

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसलो. शिक्षक मंडळी ऐकत असतील, तर हा हिशेब त्यांनी वर्गात अवश्य करून घ्यावा; मुले तो विसरत नाहीत. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने झाडावर आदळणे म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडणे. आता गाडीचे नाक चेपत चेपत आणि पट्टा थोडा ताणला जाऊन बांधलेला माणूस समजा ६० सेंटिमीटर अंतरात थांबला. वेगाचा वर्ग घ्या, त्याला अंतराच्या दुपटीने भागा. उत्तर येते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट. साठ किलोच्या माणसाला धरून ठेवायला तेवढ्या क्षणापुरता साडेनऊशे किलोंचा जोर लागतो. वीस किलोच्या पोराला लागतो ३२० किलोंचा. अण्णांचा हात कितीही मायेचा असला, तरी तो ३२० किलो कुठून धरणार? गणित शिकवून इतकी वर्षे झाली, पण एखाद्या उत्तराने डोळ्यांत पाणी आणल्याचे मला दुसरे आठवत नाही.

आणि ज्याला पट्टा नाही, त्याचे काय? त्याच्या वाट्याला ते ६० सेंटिमीटरही येत नाहीत. गाडी चेपत थांबत असते तेव्हा तो आपला जुन्याच वेगाने पुढे जात असतो, आणि मग चार-सहा सेंटिमीटरांत डॅशबोर्डावर थांबतो. अंतर दहापट कमी, म्हणजे मार दहापट जास्त. पट्ट्याची सारी करामत एवढीच आहे, की तो माणसाला गाडीबरोबर थांबायला लावतो. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या अभियंत्याने घडवला. हा गृहस्थ त्याआधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटांवर काम करीत असे. माणसाला सीटबाहेर उडवण्याची विद्या ज्याने केली, त्यानेच त्याला सीटला बांधण्याचीही केली, हे मोठे गमतीचे वाटते. कंपनीने तो शोध इतरांनाही वापरायला मोकळा ठेवला, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

असो. मी ठरवले की गाडीला पट्टे बसवायचे. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) सुचवले, "सर, पट्टे वेगळे कशाला? पट्टा सीटमध्येच असलेल्या नव्या सीटा टाका. डोक्याला टेकाही मिळेल." एका मोठ्या प्रवासी व्हॅनमधून काढलेल्या दोन सीटा त्याने दाखवल्या. उंच पाठ, डोक्यामागे उशी, खांद्यावरून येणारा पट्टा पाठीतूनच निघालेला. मला त्या फारच पसंत पडल्या. त्याने अण्णांचा बाक काढला, लोखंडी अँगलचे तुकडे जोडून नव्या सीटा उभ्या केल्या, फरशीच्या पत्र्याला भोके पाडली आणि प्रत्येक सीटला चार बोल्ट आवळले. मी दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. हलेना! समाधानाने घरी आलो.

आमच्या गावात एस.टी.च्या वर्कशॉपात उभी हयात काढलेले एक निवृत्त फिटर आहेत. सगळे गाव त्यांना वस्ताद म्हणते. गाडी दाखवायला त्यांच्याकडे गेलो, म्हणजे खरे सांगायचे तर मिरवायला गेलो. वस्तादांनी सीटकडे पाहिलेच नाही. पोते अंथरून ते सरळ गाडीखाली शिरले. खालून पान्ह्याने टकटक केल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हात झटकत.

"सर, बोल्ट नवा आहे, झकास आहे. पण त्यानं धरलंय कुणाला? ह्या पापडाला?"

मी म्हणालो, "वस्ताद, हलवून पाहिलंय. अजिबात हलत नाही."

"हलवून काय बघता? बैलाचं दावं खुंट्याला कुठं बांधता तुम्ही?"

"खाली. जमिनीलगत."

"वरच्या टोकाला का नाही बांधत?"

मी गप्प झालो. श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी जनावर बांधले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. दावे जमिनीलगत असले तर बैलाने कितीही ओढले तरी खुंटा टिकतो. तेच दावे खुंट्याच्या शेंड्याला बांधा, दोन हिसक्यांत खुंटा उपटून येतो. जोर तोच, बैलही तोच, फक्त पकड उंचावर गेली. पहारीने दगड उलथतो ती हीच युक्ती.

आता मोटारीकडे या. नेहमीच्या गाडीत पट्ट्याचे वरचे टोक दोन दारांमधल्या खांबाला बांधलेले असते आणि खालची टोके फरशीजवळच्या मजबूत भागांना. अपघातात सारा हिसका गाडीच्या सांगाड्यावर जातो. पट्टा सीटमध्येच असला, की तोच हिसका सीटच्या पाठीच्या शेंड्यावर येतो. सीट झाली खुंटा. खांद्याच्या पट्ट्यावर निम्मा भार धरला, तर तो ४८० किलो. पट्ट्याचे टोक बोल्टांपासून ६० सेंटिमीटर उंच, आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत अंतर ३५ सेंटिमीटर. गुणा आणि भागा: मागचे बोल्ट वर उपटणारा जोर येतो आठशे किलोंहून अधिक. कमरेच्या पट्ट्याचा आणि सीटच्या स्वतःच्या वजनाचा हिसका मी यात धरलेलाच नाही. म्हणून तर मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पट्ट्याच्या टेकूंची परीक्षा घेताना खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी सुमारे १,३५० किलोंचा ताण देतात, आणि पट्टा सीटला जोडलेला असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट जोर आणखी लावतात.

बोल्ट तुटत नाही. पट्ट्यासाठी वापरतात तो सात-सोळांश इंची बोल्ट काही टनांचा ताण सहज सोसतो. फाटतो तो पत्रा. वावटळीत छपराचा पत्रा उडतो तेव्हा काय होते, आठवा. खिळा वाशातच राहतो, पत्रा खिळ्याभोवती फाटून निघून जातो. आमच्या फियाटच्या फरशीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, त्यात पन्नास पावसाळ्यांचा गंज. त्यावर दोन पैशांएवढे वॉशर. एवढ्याशा आधारावर मी माझ्या मुलीला बांधणार होतो. पट्टा नसलेल्या सीटपेक्षाही हे वाईट, कारण इथे माणूस सीटसकट उडतो, आणि वरून त्याला सुरक्षित असल्याचा भरवसा असतो.

मग असली सीट निघालीच कशाला? जिथे खांबच नाही तिथे ती लागते. मर्सिडीझने १९८९ साली आपल्या उघड्या टपाच्या एस.एल. गाडीत पट्टा सीटमध्येच बसवला, तो याच अडचणीपोटी. पण तिथे सीटचा सांगाडा, तिचे रूळ आणि खालची फरशी हे सगळे एकमेकांसाठी घडवलेले आहे. व्हॅनमध्येही तसेच. व्हॅनमधली सीट आपण उचलून आणतो, तिच्याखालची व्हॅन मात्र तिथेच ठेवून येतो.

वस्तादांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. पट्टा ज्या रिळावर गुंडाळलेला असतो, त्यात एक लहानशी गोळी किंवा लोलक असतो. गाडी एकाएकी मंदावली की तो कलतो आणि रीळ अडकते. हे रीळ ठरलेल्या कोनातच बसले पाहिजे. जुन्या गाडीच्या उतरत्या फरशीवर अँगल लावून सीट तिरकी बसली, की कधी पट्टा उगाचच अडकतो, आणि कधी अडकायला हवा तेव्हा अडकत नाही. आमच्या डाव्या सीटचा पट्टा चढावर बाहेरच येईना. मी समजत होतो तेल घालायला हवे! दुसरी गोष्ट अधिक गंभीर. वस्तादांनी पट्टा पूर्ण ओढून उन्हात धरला. एका जागी विणीवर चकाकी होती, धागे वितळल्यासारखे. "ही सीट अपघातातली आहे. हा पट्टा एकदा माणसाला धरून बसलाय. पुन्हा धरणार नाही." पट्ट्याची वीण एकदा जोराने ताणली गेली, की तिचे काम संपले. नव्या पट्ट्यांपैकी कित्येकांत धक्क्याच्या क्षणी पट्टा आवळून घेणारी लहानशी स्फोटक नळी असते; तीही एकदाच उडते. काही सीटांच्या कुशीत हवेची पिशवी असते, तिच्यातही स्फोटक. असली सीट भंगारातून आणून घरच्या अंगणात हातोडी-छिन्नीने खोलणे म्हणजे दिवाळीतला न वाजलेला सुतळी बाँब हातात घेऊन बघण्यासारखे आहे.

तर नव्या सीटा उतरल्या, अण्णांचा बाक पुन्हा चढला, आणि वस्तादांनी वेगळे, कोरे, तीन टोकांचे पट्टे बसवायला घेतले. दोन दारांमधल्या खांबात खांद्याच्या किंचित वर, आतून नट असलेली पोलादी पट्टी वेल्डिंग करून बसवली. हे टोक खांद्याच्या खाली ठेवू नये, बरं का. सीटच्या पाठीवरून पट्टा मागे फरशीला नेऊन बांधलेला मी एका गाडीत पाहिला आहे. अपघातात तो माणसाला धरतो खरा, पण खांदे खाली दाबून पाठीचा कणाही चेपतो. बाहेरचे खालचे टोक दाराखालच्या पेटीसारख्या कमानीत. आतले टोक मधल्या उंचवट्यावर, आणि तिथे पत्र्याच्या खालून तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, कोपरे गोल घासलेली, म्हणजे जोर सगळ्या पत्र्यावर पसरतो आणि कोपरा पत्रा कापत नाही. त्या उंचवट्याखालून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरतो, जवळूनच ब्रेकची नळी जाते. भोक पाडण्यापूर्वी वस्ताद दोनदा खाली जाऊन बघून आले. जिथे गंज होता तिथला पत्रा आधी कापून नवा भरला. या एका कामालाच चार दिवस गेले, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे काम तेच होते. कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या हाडांवर बसावा, म्हणून खालची टोके पुढे-मागे करून पाहिली. पोटावर बसलेला पट्टा आतड्यांना इजा करतो.

मुलगी आता मागे बसते. मागच्या सीटलाही पट्टे केले. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या गळ्यावर येतो, म्हणून तिची उंची वाढवणारी खास गादी आणली आहे. घरची उशी त्या कामाची नाही, ती खालून निसटते. पुढच्या बाकावर आता तिघे बसत नाहीत. एक उणीव मात्र राहिली: अण्णांच्या बाकाची पाठ ठेंगणी, डोक्याला टेका नाही. मागून कुणी धडक दिली तर मानेला हिसका बसणार. त्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही. म्हणून ही गाडी मी महामार्गावर नेत नाही, आणि ताशी ५० च्या वर चालवत नाही.

ज्यांची गाडी उघडी जीप असेल, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे खांब नाही, पण खाली भक्कम चासी आहे. तिथे आधार चासीपासून वर घ्यावा लागतो आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

कायद्याचेही थोडे सांगतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे कारखान्याच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. फरशी कापून परक्या सीटा बसवलेली गाडी तिथे अडचणीत येऊ शकते. काम काढण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घेतलेले बरे. मी आधी विचारले नव्हते, नंतर जाऊन विचारले, आणि तिथल्या साहेबांनी मला चांगलेच सुनावले.

परवा आम्ही त्याच जुन्या रस्त्याने गेलो. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या बायकोसमोर माझा डावा हात आपोआप आडवा गेला. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, आईला पट्टा आहे."

व्हॅनच्या त्या सीटांचे पट्टे वस्तादांनी कात्रीने कापून टाकले, कुणी उचलून दुसऱ्या गाडीला लावू नयेत म्हणून. रिळे त्यांनी स्वतःच जपून उतरवली. सीटा सध्या आमच्या ओसरीवर आहेत. आई त्यातल्या एकीवर बसून तांदूळ निवडते. आणि म्हणते, अण्णांच्या गाडीपेक्षा ही बरी, निदान हलत तरी नाही.